फलकावरचा आकडा एकाने कमी करण्याबाबत

मी, एलादियो मेन्दिआरा, वय ऐंशी, धंदा पाट्या रंगवणे, राहणार वेशीवरचे पहिले घर, पुएर्तो बायेता शहर, उरुग्वे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टरांनी मला मेपर्यंतची मुदत दिली आहे. नगराध्यक्षांनी जुलैतल्या जनगणनेपर्यंतची मागितली आहे. दोघांत मी डॉक्टरांचे ऐकणार आहे.

कलम १. आधी शहराची हकिगत, कारण घर त्यातूनच निघते. आमच्याकडे प्रथम मेंढ्या आल्या, मग लोकरीची गिरणी, आणि गिरणीला माणसे लागतात म्हणून शेवटी आम्ही: बास्क, इटालियन, गालिसियन, प्रत्येक जण दुसऱ्याला उपरा समजणारा. आम्ही विणलेली ब्लँकेटे परक्यांच्या लढायांत परक्या सैनिकांनी पांघरली. कुठे तह झाला की आमच्याकडे सुतक. १९६३ साली लोकसंख्या दहा हजारांवर गेली आणि नियमाप्रमाणे गावाचे शहर झाले. बाकी काही बदलले नाही, फक्त न्हावी ग्राहकांना ताटकळत ठेवू लागला. माझ्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, फलक उभा राहिला: 'पुएर्तो बायेता शहर. लोकसंख्या १०,०१२.' अक्षरे माझी. दोन्ही शून्ये माझ्या मुलीची, मिर्ताची. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्याइतके गोल शून्य मला आजही जमत नाही.

कलम २. माझी शिडी, तिसरी पायरी मोडलेली आहे तशीच, नगराध्यक्ष रुबेन स्काफो यांना द्यावी. त्यांना वर चढायची हौस आहे.

कलम ३. गिरणी १९९१ साली बंद पडली. निम्मे शहर बोटीने, बसने, विमानाने गेले. मिर्ता पुढच्या वर्षी स्पेनला, विगोला, मासळीच्या कारखान्यात गेली. आकडा मात्र जागचा हलला नाही. मग १९९६ची जनगणना आली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी घरात बसायचे, दुकाने बंद, आणि शाळेतले शिक्षक दारोदार माणसे मोजत हिंडणार. दहा हजारांच्या खाली गेलो तर पुन्हा गाव! म्हणून शहर सोडून गेलेल्यांची ताटे घरोघरी मांडली गेली. कोणाचा मुलगा पाव आणायला गेला होता, तोही दुकाने बंद असताना. माझ्याकडे नेली पिन्तोस बाई आल्या. मिर्ताला त्यांनीच शिकवले होते.

"मिर्ता कुठंय?"

"न्हाणीघरात."

"चार वर्षं?"

"केस धुतेय."

बाईंनी पेन टेकवले आणि तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, मी मिर्ता. आज सगळे घरीच असतील म्हणून मुद्दाम केला." बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "राँग नंबर," आणि ठेवून दिला. बाईंनी 'उपस्थित' लिहिले. त्यानंतर विगोहून फोन आला नाही. आठ वर्षे झाली. मला करता आला असता. मला लाज वाटली.

कलम ४. शहर मात्र वाचले: १०,००३. नगराध्यक्ष चौकात नाचले. महिन्याभराने सरकारी पत्र आले. ओस पडलेल्या गावांत सरकार दुधाचे कारखाने काढणार होते, आणि आमच्याकडून कोणी गेलेच नसल्याबद्दल मंत्र्यांनी आमचे अभिनंदन केले होते. कारखाना शेजारच्या पासो ओन्दोला मिळाला. त्या लोकांनी 'अर्धे गाव गेले' असे खरे सांगितले होते. आता आमचे शहरवासी रोज पहाटे बसने त्या खेड्यात कामाला जातात. या बसच्या शहरी प्रवाशांना मी माझी उशी देतो. आळीपाळीने वापरावी.

कलम ५. परवा नगराध्यक्ष बिही फळाच्या मुरंब्याचा केक घेऊन आले.

"पेंटरकाका, जरा दम धरा हो. कागदोपत्री आपण बरोब्बर दहा हजार उरलोय. तुम्ही गेलात तर गाव झालंच म्हणून समजा."

"मग कोणाला तरी बाळंत करा की."

"दोघी आहेत. पण त्या पासो ओन्दोला जाणार म्हणतात. तिथला दवाखाना चांगला आहे."

जाता जाता त्यांनी घर नगरपालिकेच्या नावे करायला सुचवले, म्हणजे फलक सुरक्षित राहील. केक चांगला होता. घर मिळणार नाही.

कलम ६. या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी, पाय चालत होते तोवर, मी घरोघर फिरून माणसे मोजली. रिकामी ताटे धरली नाहीत, जेवणारी तोंडे धरली. माझ्यासह सहा हजार चारशे दहा. वही कपाटात आहे.

कलम ७. घर, अंगण, फलक, रंगाचे डबे आणि सगळे ब्रश मिर्ताला. तिला फोन नेलीबाईंनी करावा, कारण त्या साक्षीला होत्या. कुशल विचारण्याआधी एवढेच सांगावे: "नंबर बरोबर होता. बाप चुकला." ती येवो न येवो, घर तिचेच. अट फक्त फलकाची आहे. मला पुरल्यानंतर त्यावरचे 'शहर' खोडावे आणि खरा आकडा लिहावा: ६,४०९. मिर्ता आली नाही, तर हे काम बाईंनी करावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

मिर्ता आली आणि राहिली, तर शेवटचे दोन आकडे पुसून ६,४१० करावे. शून्य तिनेच काढावे.

स्थळ: पुएर्तो बायेता. दिनांक: १२ मार्च २००४.

साक्षीदार: १. नेली पिन्तोस, निवृत्त शिक्षिका. २. ओरोस्मान गाल्लो, बेकरीवाले. दोघेही राहणार येथेच, प्रत्यक्षात.

सही: एलादियो मेन्दिआरा, अद्याप उपस्थित.