थोरलीचं मत

प्लिमथ, १६ जून १८३२

ति. ऑनरताईस टॅमसिनचा सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल. पोरीला दात येताहेत, रात्रंदिवस किरकिर चालू आहे. काल बंदरावर एकाने वर्तमानपत्र वाचून दाखवलं, त्यात आपल्या ट्रेवॅरकचं नाव निघालं. तीस मतदारांच्या गावाला पार्लमेंटात दोन-दोन माणसं कशाला, म्हणून दोन्ही जागा काढून घेतल्या म्हणे. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मतदाराला मुलगा नसला तर मत थोरल्या मुलीच्या नवऱ्याला, हा आपल्या गावचा रिवाज. जेगो दोन वर्षं माझ्यासोबत चर्चला यायचा. बाबांना आपण दोघी मुलीच; त्यांनी अंथरूण धरलं आणि स्वारी तुझ्यामागे लागून माझे भाऊजी झाली. मग निवडणुकीत उमेदवाराच्या बग्गीत तू, खांद्याला रेशमी फीत लावून, आणि मी गर्दीत टाचा उंचावून बघणारी. फार जीव जळायचा गं. आता मत गेलं. भाऊजींना एकदा विचार, मत नसतं तर दोघींपैकी कुणाला मागणी घातली असती.

बाकी ठीक. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
टॅमसिन

ट्रेवॅरक, २५ जून १८३२

चि. सौ. टॅमसिन हीस अ. उ. आ.

पत्र पावलं. गावात सुतक पडल्यासारखं आहे. निवडणुकीच्या मेजवान्या बुडाल्या म्हणून खानावळवाला रडतो. तुझ्या भाऊजींना बंदरावरची नोकरी खासदारसाहेबांनी लावून दिलेली, ती टिकेल की नाही याचा त्यांना घोर.

तू म्हणालीस म्हणून विचारलं. ते मासे खारवत होते. हात थांबले नाहीत. तसेच म्हणाले, टॅमसिनला. मग जेवायला काय आहे ते विचारलं.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे त्यांनीच आधी फोडलं होतं, म्हणजे प्रश्न त्यांनी वाचलेला होता. मी कधी विचारते याची ते दोन दिवस वाट बघत होते. दुसऱ्या कुणाचं पत्र आलं की टपालाचे पैसे भरताना कुरकुरतात, तुझ्या पत्राला कधी नाही. वाचून झालं की तुझ्या अक्षरांवरून बोट फिरवतात. तू माझ्या फितीवर जळलीस, मी सात वर्षं तुझ्या अक्षरावर जळतेय. मत होतं तोवर मी दिलेलं काहीतरी त्यांच्यापाशी होतं.

सोबत तिन्ही निवडणुकांच्या फिती पाठवतेय. एकीवर दारूचा डाग आहे, धुऊन गेला नाही. पोरीच्या वेण्यांना होतील पुढे.

लोभ आहे, तो राहू दे. पत्र मात्र आता पाठवू नकोस.

तुझी ताई,
ऑनर