वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर मारलेली हाक

पारनेर,
ता. १९ डिसेंबर १९४८

चि. सौ. विजूस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शामकांतरावांचा खोकला अडुळशाने हटला हे वाचून बरं वाटलं. मुलांना सकाळी कानाला काहीतरी बांधत जा (हे वाक्य आई प्रत्येक पत्रात लिहायला लावायची, हात आपोआप चालला). आम्ही दोघं खुशाल आहोत. आगबोटीची सहल कशी झाली असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा ‘उत्तम’ एवढंच कळवलं. ते खरं नव्हतं. आज खरं लिहितो, पण शामकांतरावांना वाचून दाखवू नकोस.

आपल्या घरची रीत तू पाहिलीच आहेस. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तुझ्या वहिनीशी मी थेट असा कधी बोललो नाही. मी ओसरीवरून म्हणायचो, “आई, पाणी हवंय म्हणावं,” आणि पाणी यायचं. आतून यायचं, “सासूबाई, शाळेची वेळ झाली म्हणावं,” आणि मी उठायचो. आई मधल्या दारात वाती वळत बसलेली असायची. ती चैत्रात गेली आणि आमचं बोलणंच थांबलं. भांडण मुळीच नव्हतं. बोलायचं कोणामार्फत, एवढाच प्रश्न होता. सात महिने दोन शहाणी माणसं त्या घरात मुक्यासारखी वावरली. (वर्गात मी साठ मुलांना गप्प बसवतो, हे कुणी ऐकलं तर खोटं वाटेल.) मग ही सहा महिन्यांसाठी माहेरी जायचं म्हणते आहे, असं मला शेजारच्या रंगूबाईंकडून कळलं. सहा महिन्यांनी तिने परत कशासाठी यावं, याचं उत्तर मलाही देता येईना. म्हणून तुझ्या दिरांनी, माधवरावांनी, मुंबईहून वेंगुर्ल्याला जाऊन-येऊन तिकिटं काढून दिली तेव्हा मी मुकाट्याने निघालो. वर्षाच्या आत यात्रा करू नये म्हणतात, पण आगबोटीबद्दल आपल्या गुरुजींच्या पोथीत काही निघालं नाही.

बोटीवर बोलायचं असं मी ठरवलं होतं. पहिलं वाक्यही तयार होतं, ‘समुद्र बराच मोठा आहे.’ पण पारनेरच्या माणसाने इतकं पाणी एकदम पाहू नये. ही कठड्याशी मजेत उभी होती. मी जवळ गेलो, घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि वाक्याऐवजी सकाळची दशमी बाहेर आली. खाली वाकलो तेवढ्यात टोपीही गेली. ती बराच वेळ लाटांवर दिसत होती. माझ्यापेक्षा तिला प्रवास मानवला.

वेंगुर्ल्याला बोट दोन तासच थांबते. ती धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते; माणसांना पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्यावर न्यावं-आणावं लागतं. बोडक्या डोक्याने उतरलो तर एका म्हाताऱ्या दुकानदाराने हळूच विचारलं, “कोण गेलं?” मी म्हणालो, “आई.” “कधी?” “चैत्रात.” त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सात महिने बोडका राहणारा असा मातृभक्त त्याने पाहिला नव्हता म्हणून हात जोडले. मला इतकं शरमल्यासारखं झालं की टोपी शोधायला मी तडक बाजारात शिरलो. ‘इथेच थांब’ असं हिला सांगायला हवं होतं, पण ते सांगायचं कुणाला सांगून! चार दुकानं पालथी घातली. आमच्या डोक्याच्या मापाची टोपी तिथे शिवतच नाहीत. तास-दीड तासाने परतलो तर ही जागेवर नाही, आणि पडावाचा तांडेल शेवटचा पडाव सुटत असल्याची हाकाटी करतोय.

हाक मारायला हवी होती. ‘अगं’ म्हटलं असतं तर धक्क्यावरच्या निम्म्या बायका वळल्या असत्या. जीव घाबरला आणि अकरा वर्षं हिला बोलवायला जी हाक मारली तीच तोंडातून निघाली, “आई! अगं आई!”

चाळिशीचा बोडका हेडमास्तर धक्क्यावर आईला हाका मारतोय म्हटल्यावर लोकांना दया आली. एक कोळीण म्हणाली, “म्हातारीचा लुगडा खयच्या रंगाचा?” मी म्हणालो, “हिरवं. वय तीस.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दया दुप्पट केली. दोन खलाशी तर एका आजीबाईला दंडाला धरून घेऊनही आले. आजीबाई ओरडत होत्या, “मेल्यांनो, सोडा! माजो झील घराक आसा!” (झील म्हणजे मुलगा.) पडावाचा दोर सुटला. तेव्हा मी डोळे मिटले आणि लग्नात तांदळांवर बोटाने लिहिलेलं, त्यानंतर एकदाही न उच्चारलेलं नाव घेऊन ओरडलो, “नीलांबरी!”

ती पडावातच बसली होती. मी आधीच चढलो असेन असं समजून. तिने वळूनही पाहिलं नाही. ते आपलं नाव आहे हे तिलाही लगेच आठवेना. शेजारची बाई म्हणाली, “गो बाय, तो तुकाच साद घालता काय?” तेव्हा कुठे ती उभी राहिली, आणि पडाव थांबला. मी गुडघाभर पाण्यातून गेलो.

बोटीवर मी एकदम विचारून टाकलं, “माहेरी जाणार आहेस?”

ती म्हणाली, “तुम्ही विचारताय का, ते बघत होते.”

मग गोष्टीतून गोष्टी निघाल्या. अकरा वर्षं दर बुधवारी शेपूची भाजी का केलीस, असं मी विचारलं. “तुम्हाला आवडते ना! सासूबाईच सांगायच्या.” मला तर आईने सांगितलं होतं की हिला शेपूशिवाय जेवण जात नाही, नाक न मुरडता खात जा. आम्ही दोघं इतके हसलो की लोक बघायला लागले. मग एकदमच थांबलो. शेपू आईला आवडायची.

ही माहेरी जाणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. : पत्र तुझ्या वहिनीने वाचलं. दशम्या दोन होत्या, एक नव्हे, असं ती म्हणते.

पुन्हा ता. क. : लिहायचं कारण वेगळंच आहे. जामखेडहून अंबिकाआत्यांचं पत्र आलं आहे. घरात वडील माणूस नाही, सबब संक्रांतीनंतर कायमची राहायला येते, असं लिहितात. काहीही कर, पण त्यांना राहुरीला तुझ्याकडेच ठेवून घे. आत्या फार प्रेमळ आहेत आणि मधल्या दारात बसायची त्यांनाही आवड आहे. भरवसा नाही तो आमचा दोघांचा. त्यांचं पत्र आल्यापासून आम्ही सकाळ-संध्याकाळ जमेल तेवढं बोलून घेत आहोत.