तांब्या ठेवून चाललोय

विहीणबाई,

तुम्ही देवळात गेलात अन् इकडं किल्लारीचा जीपवाला खाली हॉर्न मारून राहिलाय. म्हणून न सांगता निघालो, राग धरू नका. दूध तापवून झाकून ठेवलंय. किल्ली शेजारच्या जन्नतबीकडं दिलीय. डोळ्यात टाकायचं औषध घेतलंय, तेवढं उर्मिलाला सांगा, न्हाईतर लेक माझी शाळेतून फोनवर फोन करील.

माझ्या पोराचा, बालाजीचा फोन आला तर आप्पाचं ऑपरेशन बरं झालं म्हणा. न्हाई आला तर तुम्ही आपणहून लावू नका.

एक गोष्ट तोंडानं बोलता आली न्हाई. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणत्यात, म्हणून मी पितळी तांब्या गावाकडनंच भरून आणला होता. तुम्ही जावयाची आई. लग्नात तुमच्या पाया पडलेला माणूस मी. पण तुम्ही वाद घातला न्हाई, समजावलंबी न्हाई. "व्याही, तुमच्या गावचं पाणी पाजा की," म्हणालात अन् तांब्या उचलून घटाघटा रिकामा केलात. मग माझ्यासमोरच तो तुमच्या माठातून भरलात. अन् मी तो तोंडाला लावला.

उर्मिला आत जाऊन रडली. मोतीबिंदूच्या डोळ्यालाबी ते दिसलं.

तांब्या तुमच्या माठावर ठेवलाय. परत पाठवू नका. पुढल्या खेपेला मी हात हलवीत येणार हाय.

ग्यानोबा