निंभोरखेडची तळटीप

यवतमाळ,
दि. १२ नोव्हेंबर २००६

चि. केतकीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आजीचे गुडघे वगळता सर्व क्षेम. तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा मिळाला. फोनवर बोलू म्हणाली होतीस. परंतु फोनवर ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत, म्हणून लिहितो. ‘कापूस वेचणाऱ्या स्त्रियांची मजुरी’ हा विषय उत्तम. भाव पडला की व्यापारी, पुढारी, वार्ताहर सगळे बोलतात. वेचणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही. ‘मजुरी’तला ‘जु’ मात्र दोन ठिकाणी दीर्घ झाला आहे. सुधार.

चौथी तळटीप वाचली आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला. जुन्या मजुरीचा सारा भार तू प्राचार्य बाबारावांच्या पुस्तकावर टाकला आहेस. ते पुस्तक चोरीचे आहे. अठ्ठ्याऐंशी साली कळंबच्या शाळेत शिकवीत असताना मी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून वेचणीची पाहणी केली. बाबारावांनी एकुलते एक हस्तलिखित वाचायला नेले. ते परत आले नाही; आले ते पुस्तक, त्यांच्या नावाचे. निबंधात हे स्वच्छ लिही. ‘चोर’ हा शब्द वापरलास तरी चालेल. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस. त्या पुस्तकातील एखाद्या गावी स्वतः जाऊन ये. मी निंभोरखेड सुचवितो, पृष्ठ एकेचाळीस.

म्हाताऱ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा आजोबा,
यज्ञेश्वर

अमरावती,
दि. ३ डिसेंबर २००६

ती. आजोबांना केतकीचा शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र सलील सरांना दाखवले. ते माझे मार्गदर्शक, म्हणून दाखवणे भाग होते. त्यांनी विचारले, हे म्हणतो कोण? मी म्हटले, माझे आजोबा. त्यावर ते हसून म्हणाले की, ज्याची वस्तू गेली त्याच्याकडे तक्रार असते, पुरावा वेगळा लागतो. म्हणून ‘चोर’ तूर्त नाही. रागावू नका.

दुसरी अडचण मोठी आहे. जानेवारीत यवतमाळला जे चर्चासत्र आहे, त्याचे अध्यक्ष बाबारावच. निबंध तिथे वाचला गेला तर संग्रहात छापला जाईल, आणि एम.फिल.च्या निवडीत मला तेवढाच आधार आहे. सरांनी बजावले आहे की, अध्यक्षांविरुद्ध लिहायचे तर एक अक्षरही डळमळीत नको.

निंभोरखेडला गेले होते. कळंबच्या स्टँडवर उत्तमसिंग नावाच्या ऑटोवाल्यांना विचारले, तर ते म्हणाले की, पोरी, तिथं कायले जातं, तिथं मानूस नाही राहत, भूत पाहाले चालली का. आणि खरेच आजोबा, तिथे एक चिंच आहे, शेंदूर फासलेला मारुती आहे आणि सगळीकडे कापूस. वेचणाऱ्या बाया शेजारच्या गावच्या निघाल्या. त्यांनी सांगितले की, हे गाव त्यांच्या आजेसासऱ्याच्याही आधी उठले. शेतं आहेत, घर एकही नाही. तलाठ्याच्या दप्तरात नाव आहे, वस्ती शून्य. जनगणनेतही तेच.

पुस्तकात तर निंभोरखेडच्या रहिवासी मैनाबाई मजुरी ज्वारीत मिळते म्हणून तक्रार करताहेत. ह्या मैनाबाई कोण? तुम्ही मुद्दाम याच गावाला पाठवलेत, म्हणून विचारते.

आजीला नमस्कार. तुमच्या मनातला माझा कोपरा राखून ठेवावा.

केतकी

यवतमाळ,
दि. ९ डिसेंबर २००६

चि. केतकीस उदंड आशीर्वाद.

अठरा वर्षांनी काल मी दोनदा जेवलो.

मैनाबाई म्हणजे तेव्हाची आपली म्हैस. मजुरीबद्दल तिने आयुष्यात तक्रार केली नाही. ती तक्रार मी रचली. आदल्याच वर्षी बाबारावांनी माझा एक लेख आकाशवाणीवर स्वतःचा म्हणून वाचला होता. पुन्हा हात मारतील हे ठाऊक होते. म्हणून पाहणीत एक उठून गेलेले गाव घातले आणि तिथे एक बाई बसवली. त्या विद्वानाने चपलेला धूळ लागू न देता ती बाई जशीच्या तशी उचलली. ते गाव अठरा वर्षे त्यांच्या पुस्तकात तोंड उघडे ठेवून बसले आहे. पाय ठेवणारे कोणी हवे होते.

आता पुरावा. ही गोष्ट तेव्हा मी एकाच व्यक्तीला सांगितली होती: आमच्या शाळेत गणित शिकविणाऱ्या विमलताईंना. त्यांनी त्याच दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले. कळंबला चिंतामणीच्या देवळामागे राहतात. त्यांच्याकडे जा. त्यांना माझे काहीही चांगले व्हावे असे वाटत नाही. तुझ्या सरांना यापेक्षा विश्वसनीय साक्षीदार मिळणार नाही.

मला ही तळटीप अध्यक्षमहाशयांच्या घशात अडकलेली पाहायची आहे. तेवढे होईतो लोभ वाढवीत राहा. मागून कमी केलास तरी चालेल.

यज्ञेश्वर

अमरावती,
दि. २१ डिसेंबर २००६

ती. आजोबांना शि. सा. नमस्कार.

विमलताईंनी आधी माझे नाव विचारले, मग तुमचे, मग दार लावायला निघाल्या. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर मात्र बसायला सांगून चिवडा दिला. हो, म्हणाल्या, मले सांगितलं होतं त्यानं, शाळेच्या ओसरीत, छाती फुगवून. मी म्हटलं, मास्तर, पोरं उन्हातान्हात पायी फिरून खरं लिहून आणून राह्यली अन् तुम्ही त्यात म्हैस बांधता? तुमच्यासाठी निरोपही आहे: माणूस अजून तसाच असेल तर त्याले माझा नमस्कार सांगू नको. हे सगळे त्यांनी सहीनिशी लिहून दिले.

सरांनी ते मान्य केले. पण आजोबा, नियम दोन्ही बाजूंनी कापतो. ज्या पाहणीत एक नोंद जाणूनबुजून खोटी आहे, तिच्यातली बाकीची गावेही मला आधार म्हणून घेता येणार नाहीत. तुमची मुले जिथे खरोखर चालत गेली, तीही. बाबारावांचे पुस्तक पडते, आणि त्याखाली तुमची पाहणीही.

मार्ग दोन आहेत. दोन्ही आधार गुपचूप गाळायचे आणि निबंध मी घेतलेल्या वेचणाऱ्या बायांच्या मुलाखतींवर उभा करायचा. त्यात कोणाचेच नाव येत नाही. किंवा तळटीपेत सगळे लिहायचे. मग सभागृहातले तुमचे जुने विद्यार्थी ऐकतील की, पाठक मास्तरांनी खोटे लिहिले होते. आजी म्हणते गाळ. मला अध्यक्षांची भीती वाटते, खोटे कशाला सांगू. पण तुम्ही म्हणाल ते करीन.

लोभाचे काय सांगायचे, तो तुमच्या रागासकट हवा आहे.

केतकी

यवतमाळ,
दि. २६ डिसेंबर २००६

चि. केतकीस आशीर्वाद.

गाळू नकोस.

ती पाहणी चांगली होती. कळंब तालुक्यात तसे काम पुन्हा झाले नाही. बाबारावांच्या घरी ती अठरा वर्षे हार घालून घेत आहे. त्यापेक्षा ती मेलेली बरी. खऱ्या गावांसकट जाऊ दे. ज्या मुलांनी पाय झिजविले, त्यांची मी एकेकाच्या घरी जाऊन क्षमा मागेन. बाबारावांसाठी एवढे चालणे मला जमेल. विमलताईंना निरोप दे की, माणूस तसाच आहे.

तळटीपेचा मजकूर मीच लिहून देतो. स्वल्पविरामही हलवू नकोस: ‘निंभोरखेडची ही नोंद यज्ञेश्वर पाठक यांनी हेतुपुरस्सर खोटी रचली. प्राचार्य बाबाराव यांच्या ग्रंथात ती मूळ लेखकाच्या नावाविना, शब्दशः आढळते.’ त्यापुढे विमलताईंचे निवेदन आणि तुझ्या भेटीची तारीख.

निवड हुकली तर एम.फिल. वर्षभराने होईल, याची मला जाणीव आहे, आणि तरीही मागतो आहे. तुला नको असेल तर तसे कळव. मी पुन्हा विषय काढणार नाही.

वाचणार असशील तर मी पहिल्या रांगेत असेन. पहिले वाक्य सावकाश वाच. माझे नाव ऐकून अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून हसतील. त्यांना पुरते हसू दे. मग दुसरे वाच.

एवढे करून तुझा लोभ उरलाच, तर तो माझ्याकडेच असू दे.

यज्ञेश्वर