गोदामाजवळची टकटक

मी, खाली सही करणारी शिवणवाली, शाळा चौथीत सुटलेली, गुडघे गेलेली पण डोकं ठिकाणावर असलेली, कुणाच्या धाकाने नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवते, की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या जावेने तो दोनदा वाचावा.

एक. शिलाई मशीन आणि कात्र्या माझ्या हाताखालच्या बाईला. तिची काजं माझ्यापेक्षा सुबक होतात. हे जिवंतपणी बोलले असते तर ती डोक्यावर बसली असती.

दोन. मोठा आरसा धाकट्या जावेला. "म्हातारीला चळ लागलाय, टीव्हीपुढे बसून खेळते," असं ती गल्लीभर सांगत फिरली. तिने रोज त्यात तोंड पाहावं, मग दुसऱ्याच्या वयावर बोलावं.

तीन. टीव्हीला जोडायचं खेळाचं जुनं यंत्र नातीला, म्हणजे भिंगरीला. ते माझ्या मुलाने हौसेने घेतलं आणि लग्नानंतर माळ्यावर टाकलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पडून होते तेव्हा भिंगरीने ते खाली काढलं. शत्रूच्या तळात एकट्याने शिरायचं आणि कुणाला न दिसता कैदी सोडवून आणायचा, असा तो खेळ. सगळं वरून दिसायचं, कटिंगला पसरलेल्या कापडासारखं. नेम धरायची सोय नव्हती. भिंतीला चिकटायचं, टकटक करायची, पहारेकरी आवाजाकडे गेला की त्याच्या पाठीमागून सटकायचं. त्या तळातल्या गोदामाजवळ मी इतक्यांदा मेले की भिंगरी म्हणाली, "आजी, तुला घाई नडते." मला! जिने जन्मभर गिऱ्हाइकांना "परवा या" सांगितलं!

चार. पुढे एका कंपनीने तोच खेळ नव्या यंत्रासाठी नव्याने बांधायला घेतला, आणि भिंगरी बँकेतली नोकरी सोडून त्या लोकांत गेली. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, तिच्याशी बोलेनासा झाला.

"खेळ बनवणं हे काय काम आहे, आई?"

"लोकांच्या झिजलेल्या कॉलरी उलटवणं हे तरी काय काम होतं? त्यावरच शिकलास ना?"

नवा खेळ आला तेव्हा मी खरडपट्टी काढायच्या तयारीनेच बसले, आणि काढली. आता नायकाच्या डोळ्यांनी बघता येतं, लांबून नेम धरून झोपेची सुई मारता येते, झोपलेल्याला कपाटात कोंबता येतं. पहारेकरी पूर्वीपेक्षा डोळस, तरी माश्यांसारखे टपाटप पडतात. जुना नायक गुमान दार उघडून आत जायचा, हा उगाच कोलांट्या मारतो.

मी म्हटलं, "अगं, लपायच्या खेळात लपायचं कारणच उरलं नाही."

"सुई मारलीच पाहिजे असं कुठंय? टकटक ठेवलीय की. सगळे म्हणत होते, आता ती कोण वापरणार, काढून टाका. मी भांडले, आजी. गोदामाशी जाऊन कर तर खरं."

केली. कंट्रोलर मांडीवर पडला. ती टकटक माझी होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालते त्या पितळी अंगुस्तानाने मशीनच्या फळीवर मारते, तीच: दोन झटपट, एक दमाने. पोरीने फोनवर ती कधी टिपून घेतली, मला पत्ता नाही. आता कुठकुठले लोक माझ्या बोटाने पहारेकऱ्यांना बनवतात. खेळाच्या शेवटी नावं येतात, त्यांत भिंगरीचं आहे आणि खाली "टकटक: आजी" असं आहे. मी शिवलेल्या एकाही कपड्यावर माझं नाव नाही. हे मात्र थांबवून वाचलं, आणि समोरच्या इस्त्रीवालीला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं.

अंगुस्तान भिंगरीला.

पाच. घर. मागची खोली भिंगरीची, कायमची. तिच्या बापाने ती विकायचा विचारही करू नये. पुढची खोली त्याची, पण एका अटीवर. वकील म्हणाले, "आजी, अशी अट कोर्टात टिकायची नाही." म्हटलं, "कोर्टाचं काय काम? तो माझा मुलगा आहे." अट अशी: त्याने माझ्या खुर्चीत बसून, लेकीला शेजारी घेऊन, सुई न मारता, नवा खेळ गोदामापर्यंत खेळावा. अडला तर तिला विचारावं. विचारायला तोंड उघडावं लागतं.

आणि बाळा, तिथे पोचलास की भिंतीला चिकट आणि टकटक कर. मला मशीनवरून उठायला सवड नसायची, तेव्हा ह्याच टकटकीवर तू खेळ टाकून जेवायला धावत यायचास. ऐकून तिथे रडत बसू नकोस. पहारेकरी लगेच मागे वळतो.

सही (अंगठा नव्हे): शिवणवाली
साक्षीदार: समोरची इस्त्रीवाली, डॉक्टरीणबाई
स्थळ: पुढची खोली, मशीनपाशी
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच