जिताड्याचं पाणी

३ मार्च
कोलाडचे व्याही येऊन गेले. खरं म्हणजे अजून व्हायचेत, लग्न मार्गशीर्षात. पण ऋताच्या साखरपुड्यापासून तात्या त्यांना व्याहीच म्हणतात. हायवेवर हॉटेल आहे त्यांचं, त्यामुळे माणूस रिकाम्या हाताने येतच नाही. या वेळी मिठाई नव्हे, पाण्याचा मोठा कॅन. आत माशांची मिशाळ पिल्लं वळवळताहेत. म्हणाले, मागूर आहे, तळ्यात सोडा, तुमच्या जिताड्यांना आयतं खाद्य. आमचे सासरेबुवा एवढे खूश की चहा व्हायच्या आत कॅन तळ्यात रिकामा. मी नुसतं विचारलं, कुठून आणली? तात्यांनी असं बघितलं की मी मुकाट पोह्यांकडे वळले.
व्याह्यांनी आणलेलं परत करायचं नसतं. ठीक.

२९ मार्च
टिबुकलीने आमच्या तळ्यात घरटं केलंय, गवताचं, तरंगतं. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात. पिसांतून नुसत्या चोची दिसतात. कासू स्टेशन गाठायची घाई, तरी बघत उभी राहिले. गाडी कशीबशी मिळाली.
हळदीच्या जेवणाला आपल्याच तळ्यातला जिताडा, असं तात्यांनी जाहीर केलंय. खाडीतून बोटाएवढे आणून वाढवलेत त्यांनी. लग्न नातीचं की जिताड्यांचं, कधी कधी कळत नाही.

७ एप्रिल
टिबुकलीचं एकच पिल्लू दिसलं. हे म्हणाले, घारीने नेली असतील. असेल.
पण काठावर पाऊल वाजलं की बेडूक डुबकन उड्या मारायचे. आज सगळा काठ फिरले, एकही नाही.

१० एप्रिल
तेही पिल्लू नाही. आई एकटीच फिरतेय, सारखी ओरडते.
तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्यातून काहीतरी वर आलं, हवा घेतली, गेलं. जाड, काळपट, मिशा. बराच वेळ थांबून मोबाइलवर फोटो जमला एकदाचा.

११ एप्रिल
रोह्याला मधल्या सुट्टीत फोटो मोकलबाईंना दाखवला. (आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. मी ऑफिसात, पण डबा एकत्र.) त्यांनी घास खाली ठेवला. हा आपला मागूर नव्हे, बाहेरचा आहे, पाळायलाही बंदी आहे याला. मासे, बेडूक, पिल्लं, तोंडात मावेल ते खातो. पावसात तळं भरून वाहिलं की ओल्या गवतावरून सरपटत शेतात जातो, शेतातून ओढ्यात. तिथे गेला की मग आपले शिवडे, मरळ, खवल, कुठलेच मासे उरत नाहीत. उपाय एकच, पावसाच्या आधी तळं उपसून, चुना टाकून कोरडं करायचं. "एकदा बाहेर पडला की त्याला परत आणता येत नाही," म्हणाल्या.
परतीच्या गाडीत नागोठण्यानंतर खिडकीतून खाचरं बघत होते. पावसाळ्यात आमचं अख्खं गाव अशाच खाचरांत मासे धरतं. लहानपणी ऋता शिवडा हातात धरून नाचायची. हे सगळं आमच्या तळ्यामुळे जाणार की काय?

१२ एप्रिल
घरात सांगितलं. रामायण. तात्या म्हणाले, उपसा म्हणतेस, मग जिताडे कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर? आणि व्याह्यांना काय सांगू, तुमच्या भेटीवर चुना टाकला? पोरीच्या लग्नाच्या तोंडावर? हे पेपरात डोकं घालून बसले, नेहमीप्रमाणे. मी काय बोलले ते लिहीत नाही.

२४ एप्रिल
कळस झाला. मी रोह्याला असताना व्याही दुसरा कॅन देऊन गेले. पहिले संपले असतील म्हणून. या वेळी करंगळीएवढे, जिताड्याला गिळायला सोपे. तात्यांनी घेतले आणि सोडलेही. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, भिंतीकडे बघत. म्हणजे पटलंय त्यांनाही. मग घेतले कशाला?
"दारात आलेल्या व्याह्याला नाय कसं म्हनू गो?"
मोरीत जाऊन रडले. राग नव्हता, नुसती भीती. आभाळात एखादा ढग दिसला तरी पावसाला किती दिवस उरले ते मोजते हल्ली.

२८ एप्रिल
ऋताला फोन केला. वाटलं, लग्नात विघ्न आणते म्हणून चिडेल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, उपसा तळं. जिताड्यावाचून हळद अडत नाही. तिकडे मी बोलते." काय बोलली कोण जाणे. संध्याकाळी व्याह्यांचा फोन. बिचारे ओशाळले होते. बाजारात मागूर म्हणून मिळाला, त्यांनी मागूर म्हणून घेतला. उपसायला मीच माणसं पाठवतो म्हणाले.
तात्यांची सबब संपली. एकच अट, जिताडे मारायचे नाहीत, गावतळ्यात सोडायचे. पंचांनी हो म्हटलं.

११ मे
झालं एकदाचं. पहाटेपासून पंप. पाणी गुडघ्याला आल्यावर जिताडे काढले. पिंपात नळाचं पाणी भरायला गेले तर तात्या धावत आले. "जिताडा त्याच्याच पान्यात न्यायचा. परक्या पान्यात बिचकून मरतो तो." खरंच, इथे सगळे असाच नेतात. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. म्हणून तळ्याचंच पाणी भरलं, गढूळ झालेलं, त्यात जिताडे, वरून ओलं गोणपाट. टेम्पो हळू, बाजूने तात्या पिंपाला हात लावून चालताहेत. वरातीत निघाल्यासारखे. गावतळ्यावर शेवटचं पिंप ह्यांनी आणि मी मिळून कलंडलं. जिताडे सळकन खोल गेले. तात्यांनी हात जोडले.
मग मागूर. चिखलात रुतून बसलेले, एकेक ओढून काढला. केवढे झाले होते! खड्डा, चुना. तळ्याच्या चिखलावरही चुना. आता उन्हाने तडकू दे.
आज झोप लागेल.

१२ मे
पिंपं घासायला घेतली. एकाच्या बुडाशी, गाळात, करंगळीएवढा. मिशा. जिवंत.
पिंप धरून तशीच बसून राहिले. बाकीचं पाणी आम्ही ओतलं ना. थेंब न् थेंब ओतला.

१३ मे
ह्यांचं म्हणणं, आला असेल तर एवढा एकच, आणि तो तर बादलीत आहे. मो. बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, पाणी गाळून नव्हतं का घेतलं? नव्हतं. जिताड्याचं पाणी कोण गाळतं?
आमचं तळं आमचं होतं, उपसलं. गावतळ्यावर गुरं पाणी पितात, गावाचे जिताडे त्यातच. त्याला सांडवा आहे आणि सांडव्याखाली सगळी खाचरं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.
तात्यांना बादली दाखवली. जेवले नाहीत.

१६ मे
देवळात बैठक. मी सांगणार होते, रात्रभर वाक्यं जुळवली होती. तोंड उघडायच्या आत तात्याच उठले.
"माज्या जिताड्यांसंगती आलाय तो. माज्याच पान्यातून. सूनबाई पयल्यापासून सांगत व्हती, मी ऐकलं नाय."
आणि बसले. कुणीच ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. मग सुरू झालं. एक म्हणाले, चार पिल्लं असतील तर जिताडेच खातील. दुसरे म्हणाले, आताच उपसा. मग गुरांना पाणी कुठलं, आणि सगळ्यांचे जिताडे न्यायचे कुठे? शेवटी ठरलं: सांडव्याला बारीक जाळी. रोज पागाचं जाळं टाकून बघायचं. एक जरी सापडला तरी उपसायचं.
एक तरी सापडू दे म्हणू, की न सापडू दे म्हणू? देवापुढे नुसती उभी राहिले.

२४ मे
पागात शिवडे, खवल, एक मरळ. मागूर नाही. सगळे म्हणतात, बघ, उगाच घाबरत होतीस. पण पहिल्या कॅनचे मागूर आम्हाला तरी महिनाभर कुठे दिसले होते?
मरळही हवा घ्यायला वर येते. पाणी कुठेही हललं की थांबून बघते.

३० मे
दक्षिणेकडे आभाळ काळं. तात्या सकाळ-संध्याकाळ जाळीवर जातात, वाकून बोटांनी चाचपतात, कुठे फाटली तर नाही. कंबर दुखते, पण मला हात लावू देत नाहीत.
मो. बाई म्हणाल्या, मोठं पाणी आलं तर जाळीवरूनही जाईल. हे तात्यांना सांगितलं नाही.

२ जून
संध्याकाळी गावतळ्यावर. पलीकडच्या लव्हाळ्यात टिबुकली. आमचीच असावी, पिल्लं गेल्यावर इकडे आलेली. बाहेर आली तर पाठीवर पिल्लं! पिसांतून चोची. तात्याही आले, शेजारी बसले.
ती आमच्या समोरून गेली, परत आली. पाऊस भुरभुरायला लागला तरी उठवेना.
पाठीवर आहेत तोवर ठीक. उद्या-परवा पाण्यात उतरतील.