आत्याच्या गॅलरीतला पाहुणा

२ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. नगरपालिकेच्या हवामान कक्षात मी एवढी राबते, पण त्याचं फळ पहिल्यांदाच दिसलं. तुमच्या गल्लीत आम्ही झाडं लावली, गच्च्या पांढऱ्या रंगवल्या आणि तुझ्या गॅलरीत तापमान मोजायचं यंत्र बसवलं. त्याचे आकडे आले. शेजारच्या गल्ल्यांपेक्षा तुमची गल्ली चांगली तीन अंशांनी थंड! आमच्या मोठ्या बाई हरखून गेल्यात. अकरा तारखेला मी हे सभागृहात मांडायचं, पसंत पडलं की शहरभर हेच करायचं.

पण माझा जीव थाऱ्यावर नाही. रोपं अजून माझ्या कमरेला लागत नाहीत. मग एवढा गारवा आला कुठून? विचारलं की सगळे म्हणतात, चांगलं झालंय ते बघ, उगाच खुसपट काढू नकोस.

लोभ आहेच, तो उन्हाने आटू देऊ नकोस.
तुझी खार

५ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, तिला नको असताना. जन्मभर शाळांचे गणवेश शिवले, पण माझी गॅलरी सभागृहात गाजेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या पाहुण्याची काळजी नको. जावयासारखी बडदास्त ठेवली आहे. बसवणारा म्हणाला होता, थेट ऊन लागू देऊ नका. म्हणून ऊन आलं की जाड चादरी भिजवून दोरीवर सोडते, वाळल्या की पुन्हा भिजवते. मुका जीव, उकडतंय हे सांगणार कुणाला? आता झबलं शिवायचं तेवढं राहिलंय.

तू वेळेवर जेवतेस ना? मागे आलीस तेव्हा गालफडं बसली होती. माया पातळ करू नकोस.
तुझी आत्या

८ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं, तो गारवा झाडांचा नव्हता, तुझ्या चादरींचा होता! आधी चिडले, मग हसू आलं, मग रडूच कोसळलं.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सभा होईपर्यंत तोंडातून ब्र काढू नकोस, नंतर सावकाश दुरुस्त करू. मी नाही म्हटलं. आज हे झाकलं तर रोपं लावली की भागलं असं ठरेल आणि लोक भाजत राहतील. मी खरं तेच सांगणार. नोकरी गेली तर तुझ्याकडे काजं-बटणं करायला येईन.

तू मात्र चादरी काढ, उन्हापुरतं यंत्राला त्याचं झाकण आहे; म्हणजे खरा आकडा मिळेल. रागावले नाही. थोडीशीच. लोभ कमी करू नकोस.
खार

१२ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र मिळताच चादरी काढल्या. माझ्यामुळे तुझ्या कामात विघ्न नको. सभेचं काय झालं? डोळ्यांपुढे तीच आहे.

आता खरं सांगते. पाहुणा हे निमित्त होतं. माझी खोली वरच्या मजल्यावर, त्यात पश्चिमेकडची. तुझे रंगारी आमच्या गच्चीपर्यंत पोचलेच नाहीत, रंग आधीच संपला म्हणाले. दुपारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. चादरी माझ्यासाठी होत्या गं. तुला कळवलं असतं तर मला उचलून तुझ्याकडे नेऊन बसवलं असतंस, आणि मला माझं घर सोडवत नाही.

काल शिलाई करता करता डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीने तोंडावर पाणी मारलं. आता बरी आहे, घाबरू नकोस. आकडा खरा येतोय ना, तेवढं कळव.
आत्या

१४ मे

ती. आत्यास,

आधी चादरी भिजव. दोरीवर सोड. मग पुढचं वाच.

सभेत सगळं सांगितलं. मंजुरी मिळाली नाही, पुन्हा मोजून या म्हणाले. बाई माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं आज काही वाटत नाही. चादरी काढल्यापासूनचे आकडे परवा माझ्यापुढे आले. शहरात सगळ्यांत वरचा आकडा तुझ्या गॅलरीचा. मी त्याखाली समाधानाने रेघ ओढली आणि चहाला गेले. त्या आकड्यात तू बसली होतीस हे मला सुचलंही नाही.

हे पत्र टपालात न टाकता रंगाऱ्याच्या हाती देते आहे. तो आज तुझी गच्ची रंगवेल आणि जाताना पाहुण्याला घेऊन जाईल. चादरी राहू देत. संध्याकाळी मी येते, भांडायला.

लोभाचं नंतर बघू. आधी पाणी पी.
तुझी खार